अँटेनाची काडी

गच्चीवरच्या अँटेनावर ओली साडी वाळत घातली म्हणून सहदेवने सकाळी त्याच अँटेनाची काडी मोडून बायकोला, जानकीला, रक्त येईपर्यंत झोडपलं होतं. मुलुंडमधली अख्खी तिमजली चाळ नुसती बघत राहिली. संध्याकाळी तीच माणसं रविवारच्या सिनेमाला सहदेवच्या खोलीत जमली, तर टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. तो शिव्या घालत गच्चीवर गेला. गंजका पाइप बुडातूनच मोडला, तेव्हा अँटेना हातात धरून तो मागेमागे सरकू लागला. “आलं का गं?” चित्र लख्ख आलं होतं. सांगायला जानकी गॅलरीत आली, तर वर बिनकठड्याच्या गच्चीच्या कडेला त्याच्या टाचा दिसल्या. “नाही हो. अजून मागे.” “खोटं बोलतेस? वनमालावहिनी, तुम्ही सांगा.” खोलीत कुणी हललं नाही. शेजारीण वनमाला जानकीच्या पाठीवरचे वळ बघत ओरडली, “मुंग्याच आहेत, भावजी. सरका ना मागे.”