भांडणाची केबल

"साधीच केबल टाका," निर्मलाबाई वायरमन इक्बालला म्हणाल्या. "सुनेच्या डोक्यातून वाहून न्यायला आहे काय?"

"सगळ्यात वेगवान टाका हो," सून केतकी म्हणाली. "यांचा एकही टोमणा वाटेत अडकायला नको."

फ्लॅट कोणाचा, हे आज केबलवरच्या भांडणातून ठरायचं होतं. दोन मेंदू जोडणारी तांब्याची जाड केबल इक्बालने विजेच्या तारांपासून लांबून ओढली. नाहीतर शेजाऱ्यांनी मिक्सर लावला की भांडणात घरघर येते.

त्याने दोघींच्या कानामागे प्लग खोचले. दोघींच्या पापण्या एकदाच लवल्या.

"झालं," केतकी म्हणाली. "फ्लॅट मला."

तेवढ्यात तिचा नवरा ट्रे घेऊन आला. "भांडण सुरू व्हायच्या आधी चहा घ्या."

"बॅग भर, हेमंता," निर्मलाबाई म्हणाल्या. "मी हरले. तू माझ्या वाट्याला आलायस."