गुळावर मिटलेली केस

तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर दोन्ही घरच्यांनी एकमेकांना गूळ भरवला, तेव्हाच रूपाबाईच्या लेखी तिच्या बारा वर्षांच्या लेकीवर, शिलावर झालेल्या अत्याचाराची केस मिटली होती. हिंगोलीच्या कोर्टात मात्र न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मुलगी सांगेल ते मी ऐकणार."

रूपाबाईला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. 'सांग माय, समदं सांगून टाक,' ती मनातल्या मनात म्हणाली.

"बोल बाळा, काय केलं त्यानं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कायबी न्हाई. शेळ्यांना पाला काढताना मी बाभळीवरून पडले व्हते."

आठ दिवस आईनं घोकून घेतलेलं शिलानं एका दमात म्हटलं, अन् शाबासकीसाठी आईकडं पाहिलं.