चार पॉईंट सात

दुरुस्तीला घ्यायच्या तलावांचा अहवाल चारच्या आत मुंबईला पाठवायचा होता. भंडाऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर अश्वजित मात्र सकाळपासून एकाच मथळ्याच्या नंबराशी झटत होता. ४.७ टाकलं की त्याचं १.१ व्हायचं आणि खालचे सगळे मथळे बिघडायचे. मथळा काय नि मजकूर काय, वाचायला फुरसत कोणाला होती!

“काहून रे, अजून नंबरच लावून राहिला का?” साहेब तिसऱ्यांदा ओरडले.

अश्वजितचं डोकं फिरलं. त्यानं तो मथळा मजकुरासकट उडवला. खालचे नंबर सुतासारखे सरळ झाले. अहवाल वेळेत गेला.

संध्याकाळी गावी, घरात पाय ठेवताच आई हसत म्हणाली,



“बाबू, सरपंच सांगत होते, यंदा आपला तलाव यादीत हाये. चार पॉईंट सात का काय... तुले तं माहीतच असन!”