चोंबडा

भिंतीवरच्या सेन्सरला मी चोंबडा म्हणतो. माझी हालचाल दिसली की तो हिरवा, दहा मिनिटं दिसली नाही की लाल. लाल झाला की लेकीला चुगली. “पुन्हा पडलात तर वृद्धाश्रमात ठेवेन,” तिने बजावलेलं. दुपारी स्वयंपाकघरात पाय घसरून पडलो. शुद्ध आली तेव्हा चोंबडा लाल होता. धास्तीने मी पडल्या जागेवरूनच काठी त्याच्यासमोर नाचवली. तो हिरवा झाला आणि त्याच्या स्पीकरमधून लेकीचा आवाज आला, “फिरताय ना बाबा? लाल बघून काळजाचं पाणी झालं माझं. आता संध्याकाळीच येते.” मी खुशीत उठायला गेलो. कमरेखालचं काहीच हललं नाही. “अगं, पडलोय मी!” ओरडलो. चोंबड्याला डोळे आहेत, कान नाहीत. काठी टाकली, मढ्यासारखा निपचित पडलो. लाल हो, लाल हो. हात मात्र भीतीने थरथरत राहिले, आणि चोंबडा हिरवाच.