अंतऱ्यातली घाई

बाबा गेल्यावर वर्षभराने लेक त्यांची एक चाल नोंदवायला कॉपीराइटच्या कार्यालयात गेली. ही चाल बाबांनी कुठे वाजवली नव्हती, कुणाला दिली नव्हती. लहानपणी तिची वेणी घालताना तेवढी गुणगुणायचे. कुणी ढापण्याआधी ती बाबांच्या नावावर लागावी, एवढाच तिचा हट्ट.

कारकुनाने माइक पुढे सरकवला. "गुणगुणा. आधी कुणी नोंदवलीय का, ते मशीन शोधतं."

ती गुणगुणली. अंतऱ्यात नेहमीसारखी घाई झालीच.

"ताई, ही चाल आहे की आमच्याकडे! नाव मात्र कुणाचंच नाही."

"शक्यच नाही. लावा बघू!"

स्पीकरमधून बाबांचंच गुणगुणणं आलं, दातांत रिबीन धरल्यामुळे जरासं अडखळणारं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अंतऱ्यापाशी आवाज थांबला. "ठमे, आत्तासुद्धा घाई केलीस. पुन्हा म्हण बरं."

कारकुनाने दचकून मशीनच बंद केलं.

तिने डोळे मिटले आणि अंतरा सावकाश म्हटला. या वेळी चुकली नाही.

स्पीकर गप्पच राहिला. कारकून समोरच बसला होता, दोन्ही हात टेबलावर. आणि तिच्या पाठीवर मोकळ्या सोडलेल्या केसांचे कुणीतरी हलक्या हाताने तीन पेड केले.