हाकेला ओ

डॉक्टरांच्या ॲपवर आईने स्वतःचं नाव स्वतःच नोंदवलं होतं. "लुडबूड करू नकोस, मला वाचता येतं," असं म्हणून तिने मुलाला खोलीबाहेर पिटाळलं होतं. आज ठरल्या वेळी त्याने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. छातीत धडधड कधी होते, जिना चढताना की बसल्या बसल्या, हे मनाशी घोकत आई समोर बसली.

पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी भलत्याच बाईचं नाव घेतलं.

मुलगा गडबडला. "मॅडम, काहीतरी घोळ झालाय. या नावाचं आमच्या घरात कुणीच नाही."

"वय जुळतंय, पत्ता जुळतोय," त्याही बुचकळ्यात पडल्या. "पण पेशंट कोण हे कळल्याशिवाय औषध कसं लिहून देऊ? पुढचे लोक थांबलेत. बंद करू का?"

"एक मिनिट! आई, काय भरून ठेवलंस तू? ही बाई कोण?"

आई पडद्याकडे एकटक बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"पुन्हा एकदा म्हणा ना," ती डॉक्टरांना म्हणाली.

त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं.

"ओ," आई म्हणाली. मग मुलाकडे न बघता, जरा चाचरतच तिने सांगितलं, "पहिलं नाव लिहा, असं होतं त्यात. तुझ्या बाबांनी लग्नात ठेवलं, ते दुसरं."