घरचा सर्व्हर

ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर शिवराजनं पुंडलिकनगरच्या घरी आणला, त्याचा सर्व्हर केला आणि घरातले सगळे फोटो त्यात भरले. वर असे लांबलचक पासवर्ड घातले, की हॅकर सोडा, बायकोलाही स्वतःच्या लग्नाचे फोटो दिसेनात.

"कुणी बघतच नाय, तर चोवीस तास वीज कशाला जाळायची?" मंजुषानं वैतागून बटणाकडं हात नेला.

तशी सासू सारजाबाई आडवी आली. "खबरदार! माझ्या लेकाचं मशीन बंद करशील तर!"

शिवराजचा ऊर भरून आला. या घरात त्याच्या कामाची कदर होती ती फक्त आईला.


सारजाबाईनं मशीनवरचा टॉवेल हळूच उचलून खालचं पातेलं दाखवलं. "आत्ताच विरजण लावलंय. थंडीत इतकं घट्ट दही दुसरीकडं कुठंच लागत नाय."